डिफ दाखवणाऱ्या टूलचाच डिफ तपासायचा तर

तुमचे प्रश्न

या महिन्यातली पाच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, कोडमधला फरक, म्हणजे डिफ, दाखवणारं टूल आणि त्या टूलमध्ये केलेले बदल तपासणं, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी पुण्यात एका छोट्या कंपनीत दीड वर्षापासून काम करतोय. आमच्याकडे गिटमधली (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) दोन व्हर्जन्स शेजारी शेजारी दाखवणारं घरीच बनवलेलं टूल आहे. एका सहकाऱ्याने त्यातली ओळी जुळवायची पद्धतच बदललीये, साडेसहाशे ओळींची पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) आहे आणि रिव्ह्यूला माझं नाव टाकलंय. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास आहेत. मला तो अल्गोरिदम नीट कळत नाही. मग मी तपासू तरी काय?

उत्तर: अल्गोरिदम पूर्ण कळला नाही तरी हा रिव्ह्यू तुम्ही चांगला करू शकता, आणि अशा टूलच्या बाबतीत नुसता कोड वाचून केलेला रिव्ह्यू मला तसाही अर्धवटच वाटतो. टूल हातात घ्यायचं, चालवायचं आणि स्क्रीनवर काय उमटतं ते बघायचं. बाकी सगळे जण आपापला कोड याच टूलमधून बघणार आहेत, ते चुकलं की पुढचा प्रत्येक रिव्ह्यू चुकीच्या चित्रावर होणार.

थोडं मागचं सांगते म्हणजे काय शोधायचं ते कळेल. डिफचं मूळ काम असं की दोन्ही फाइल्समध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सगळ्यात लांब साखळी शोधायची, त्या साखळीत न बसलेल्या जुन्या ओळी लाल आणि नव्या हिरव्या. बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी युनिक्ससाठी हे लिहिलं, १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत ते आलं आणि जेम्स हंट यांच्याबरोबरचा त्यावरचा पेपर १९७६ चा. गिट आज आपणहून वापरतं ती पद्धत यूजीन मायर्स यांच्या १९८६ च्या पेपरमधली. बिटटोरंटवाल्या ब्रॅम कोहेन यांची पेशन्स नावाची पद्धत वेगळ्या वाटेने जाते, दोन्ही फाइल्समध्ये एकेकदाच येणाऱ्या ओळी आधी पकडायच्या आणि त्यांच्या मधला भाग नंतर जुळवायचा. तुमच्या सहकाऱ्याने यातलंच काहीतरी घेतलं असेल, तर कुठली पद्धत आणि का, हे पुल रिक्वेस्टच्या वर्णनात लिहायला सांगा. तिथे नसेल तर पहिली कमेंट तीच.

आता मुख्य गोष्ट. एकाच बदलाचे अनेक डिफ बरोबर असू शकतात. समजा फाइलमध्ये बेरीज नावाचं फंक्शन होतं आणि त्याखाली वजाबाकी नवीन घातलं. एक टूल असं दाखवेल:

 फंक्शन बेरीज() {
   ...
+}
+
+फंक्शन वजाबाकी() {
+  ...
 }

आणि दुसरं असं:

 फंक्शन बेरीज() {
   ...
 }
+
+फंक्शन वजाबाकी() {
+  ...
+}

दोन्हीत चार चार ओळी हिरव्या, दोन्ही पॅच म्हणून (म्हणजे डिफमधले बदल जुन्या फाइलवर) लावले तर तीच फाइल तयार होते, म्हणजे मशीनच्या दृष्टीने दोन्ही शंभर टक्के बरोबर. पण पहिल्यात बेरीजचा शेवटचा कंस नवीन असल्यासारखा दिसतो आणि वाचणारा उगाच अडखळतो. या एवढ्याशा गोष्टीसाठी गिटमध्ये ओळींचं इंडेंटेशन (सुरुवातीची मोकळी जागा) बघून हिरवा भाग वरखाली सरकवायची युक्ती घातली गेली, २०१६ च्या २.११ या आवृत्तीत ती हवी असेल तर चालू करता यायची आणि २०१७ च्या २.१४ पासून ती आपोआप चालू असते. हिरव्या टेस्ट तुम्हाला ‘बरोबर’ सांगतात, ‘वाचता येतं का’ हे सांगत नाहीत, ते तुम्हालाच बघावं लागणार.

म्हणून दोन वेगळे तपास करा. पहिला मशीनचा. जुनी फाइल आणि टूलचा डिफ यांच्यावरून पॅच लावला की नवी फाइल बाइट न् बाइट तयार झाली पाहिजे, आणि उलटा लावला की जुनी परत मिळाली पाहिजे. ही टेस्ट नसेल तर लिहून मागा, आणि ती ठरलेल्या पाच फाइल्सवर नको, यादृच्छिक बनवलेल्या हजारो छोट्या फाइल्सवर चालवा, कारण अशा कोडमधल्या चुका नेहमी टोकाला दडलेल्या असतात. रिकामी फाइल, एकाच ओळीची फाइल, शेवटी एंटर न मारलेली फाइल, विंडोजच्या आणि लिनक्सच्या ओळींची सरमिसळ. हंकच्या (डिफमधल्या एका सलग तुकड्याच्या) वरची ती @@ ची ओळ मुद्दाम बघा. नवीन तीन ओळींच्या फाइलला @@ -०,० +१,३ @@ असं यायला पाहिजे, म्हणजे जुन्या बाजूला शून्य ओळी असल्या की ओळ क्रमांक नेहमीच्या नियमाने मोजत नाहीत, आधीच्या ओळीचा लिहितात, आणि इथे आकडा एकाने चुकायची शक्यता फार.

दुसरा तपास डोळ्यांचा, आणि हाच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमच्याच रेपॉझिटरीतले मागचे दोनशे कमिट (नोंदवलेले बदल) घ्या, प्रत्येकावर जुनं टूल आणि नवं टूल चालवा, दोघांचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा आणि जिथे दोघं वेगळं बोलतात तेवढेच कमिट उघडून बघा. शब्दांत मोठं वाटतं पण दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट आहे. त्यातले वीस-पंचवीस जरी शांतपणे बघितलेत तरी तुम्हाला या बदलाबद्दल लिहिणाऱ्याइतकंच कळलेलं असेल.

वेळही मोजा. मायर्सची पद्धत फरक थोडे असले की झपाट्याने चालते, फरक वाढत गेले की तिला जड जातं. टेस्टसाठी बरेच जण एकही ओळ सारखी नसलेल्या दोन मोठ्या फाइल्स घेतात पण ते सोपं प्रकरण आहे, समोर जोडीच नसलेल्या ओळी टूल आधीच बाजूला काढू शकतं. खरा त्रास होतो तो त्याच ओळी पण क्रम पूर्ण विस्कटलेला असला की, तेव्हा पन्नास हजार ओळींची फाइल घ्या, ओळी शफल करा आणि घड्याळ लावून बसा.

आणि एक बारीक गोष्ट, युनिक्सचं डिफ फाइल्स सारख्या असल्या तर ० परत करतं, फरक असेल तर १ आणि काही बिघडलं तर २. तुमचं टूल कुठल्या स्क्रिप्टमधून चालत असेल तर या बदलात ते आकडे जागचे हलले नाहीत ना, बघून घ्या.

प्रश्न: आमच्या टूलच्या एका पुल रिक्वेस्टमध्ये कोड जेमतेम तीस ओळींचा आहे, पण टेस्टसाठी ठेवलेल्या अपेक्षित आउटपुटच्या चाळीसेक फाइल्स बदलल्यात. लिहिणारा म्हणतो, नवीन आउटपुट आहे, कमांड चालवून अपडेट केलंय. या फाइल्स वाचायच्या का? – नागपूर

उत्तर: वाचायच्या. या टूलमध्ये तरी नक्कीच, कारण त्या चाळीस फाइल्स हेच टूलचं वागणं आहे, तीस ओळींचा कोड त्याचं कारण आहे फक्त.

अडचण समजते. त्या फाइल्स स्वतःच डिफ आहेत, त्यामुळे तुम्ही डिफचा डिफ वाचताय, ओळीच्या सुरुवातीला दोन दोन चिन्हं. +- म्हणजे ‘आता ही ओळ काढलेली दाखवली जाते, आधी दाखवली जात नव्हती’, आणि -+ म्हणजे ‘आधी ही ओळ नवीन म्हणून दाखवत होतो, आता नाही’. पहिली पाच मिनिटं डोकं गरगरतं, मग सवय होते. कागदावर हे दोन अर्थ लिहून स्क्रीनला चिकटवा, मी नवीन मुलांना हेच करायला लावते. पुल रिक्वेस्टची दुसरी आवृत्ती आली की आधीच्याशी ताडून बघायला गिटमध्ये रेंज-डिफ आहे, २०१८ च्या २.१९ पासून, तिथेही अशीच दुहेरी चिन्हं असतात.

लिहिणाऱ्याला दोन कमिट करायला सांगा, एकात कोड आणि दुसऱ्यात या फाइल्स, आणि चाळीस फाइल्स का बदलल्या याचे गट पाडून मागा, इतक्या फाइल्समध्ये फक्त हंकची सीमा सरकली, इतक्यांत रंग बदलला वगैरे. कुठल्याच गटात न बसणारी एखादी फाइल निघते आणि बग तिथेच सापडतो.

एका सापळ्यापासून सावध राहा. डिफमध्ये न बदललेली रिकामी ओळ ही खरंतर एक स्पेस असलेली ओळ असते. बऱ्याच जणांचा एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस आपोआप पुसतो, म्हणजे त्या अपेक्षित फाइल्स नकळत बिघडतात, आणि मग टेस्ट पास व्हावी म्हणून कोणीतरी टूलच ‘दुरुस्त’ करतं. एडिटरच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरपुरतं हे बंद करा.

टेस्टच्या फाइल्स म्हणजे बघायची गरज नाही ही समजूत किती महागात पडू शकते ते मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सगळ्यांनी बघितलं. तिथे मागच्या दाराचा (चोरून आत शिरू देणारा) कोड टेस्टच्या नावाखाली ठेवलेल्या बायनरी फाइल्समध्ये लपवला होता आणि अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय म्हणून शंका आली तेव्हा ते उघडकीला आलं. तुमच्या सहकाऱ्यावर संशय घ्या असं अजिबात म्हणत नाहीये, पण चाळीस फाइल्स न उघडता हिरवं बटण दाबू नका.

प्रश्न: आमच्या टूलमध्ये स्पेस-टॅबचे फरक लपवणं हे डिफॉल्ट करावं अशी मागणी आहे, पॅच पण तयार आहे. चांगलंच आहे ना? – ठाणे

उत्तर: मी हा पॅच परत पाठवीन. कारण सांगते, ते माझ्याच अनुभवातलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करायचे तिथल्या टूलमध्ये अगदी हाच बदल आला होता आणि तो मीच पास केला. डिफ एकदम स्वच्छ दिसायला लागले, सगळे खूश. दोन महिन्यांनी एका पायथन फाइलमध्ये कोणीतरी ओळी नीट लावताना बेरजेची एक ओळ चार स्पेस डावीकडे सरकली, म्हणजे लूपच्या बाहेर आली. पायथनमध्ये स्पेस म्हणजेच अर्थ, त्यामुळे सगळ्या नोंदींची बेरीज व्हायच्याऐवजी फक्त शेवटच्या नोंदीचा आकडा रिपोर्टमध्ये जायला लागला. त्या कमिटचा रिव्ह्यू दोघांनी केला होता. दोघांच्याही स्क्रीनवर त्या ओळीवर काहीच रंग नव्हता, फरक नाहीच असं टूल सांगत होतं, मग ते बिचारे काय पकडणार. चूक कळली ती महिनाअखेरीला, हिशोब जुळेना तेव्हा. मला आजही त्या दोघांबद्दल वाईट वाटतं, कारण त्यांना बोलणी बसली आणि पास केलेला बदल माझा होता.

स्पेस लपवायची सोय असावी, नक्की असावी, मोठा ब्लॉक एक पायरी आत सरकवला असेल तर तिच्याशिवाय वाचताच येत नाही. पण ते वाचणाऱ्याने त्या वेळेपुरतं दाबायचं बटण असावं, आणि ते दाबलेलं असताना ‘या फाइलमध्ये सात ओळींचे फरक लपवलेत’ असं वर ठळक लिहिलेलं दिसावं. पॅच लिहिणाऱ्याला हे सुचवा. हलवलेल्या ओळींसाठी गिटमध्ये २०१७ च्या २.१५ पासून वेगळा रंग द्यायची सोय आहे, मूळ त्रास तो असेल तर तीही बघायला सांगा.

प्रश्न: मी कोल्हापूरची, काही मैत्रिणींबरोबर ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करते. टूलमध्ये कधी कधी एकच ओळ लाल पण आणि हिरवी पण दिसते, अक्षर न् अक्षर सारखं! आणि कधी नुसती मात्रा रंगवलेली, खाली ठिपक्यांचं वर्तुळ. एकाने हे सुधारायचा पॅच दिलाय आणि मराठी येतं म्हणून मला तपासायला सांगितलंय. मी प्रोग्रॅमर नाही.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, आणि हा पॅच तुमच्याहून चांगला कोणी तपासू शकणार नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण पहिल्यात युनिकोडची (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीतली) ७ चिन्हं, फाइलमध्ये २१ बाइट, दुसऱ्यात ८ चिन्हं आणि २४ बाइट, त्यामुळे डिफला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि तसं वाटणं बरोबरच आहे. तुमच्या मैत्रिणींपैकी एकीचा कीबोर्ड पहिला प्रकार देत असणार आणि दुसरीचा दुसरा.

पॅच लिहिणारा कदाचित म्हणेल की मी युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांचं एक रूप करणं) लावलंय, आता सुटलं. पूर्ण सुटत नाही. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ आणि एकसंध ऱ हे दोन नॉर्मलायझेशनने एक होतात, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार वेगळाच राहतो. तेव्हा तुम्ही तिन्ही प्रकारे ‘दुसऱ्या’ लिहिलेली एक छोटी फाइल बनवा आणि त्याला टेस्ट म्हणून द्या. शिवाय हे दोन शब्द ‘सारखेच’ मानून फरक लपवू नका म्हणावं, फाइल खरंच बदललीये. फक्त तिथे एक खूण हवी की फरक न दिसणाऱ्या चिन्हाचा आहे.

आता ठिपक्यांचं वर्तुळ. ‘काम’ चं ‘कामे’ झालं तर बदललं काय? तुम्ही म्हणाल म चा मे झाला. टूल म्हणतं शेवटी एक मात्रा वाढली, आणि तेवढीच मात्रा वेगळी काढून रंगवतं, मग तिला टेकायला अक्षर नाही म्हणून ते वर्तुळ येतं. टूलने व्यंजन आणि त्याच्या मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर हे एकत्र धरून रंगवायला पाहिजे. तपासायला शब्द सोपे आहेत, किती-कितीं, स्त्री-स्त्रिया, क्षण-क्षणी, तुमच्या भाषांतरातलेच पन्नास शब्द निवडा आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या. जिथे वर्तुळ दिसेल तिथे पॅच अपुरा.

आणि एका गोष्टीवर ठाम राहा. २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की मजकुराची दिशा उलटवणारी न दिसणारी चिन्हं कोडमध्ये टाकली तर रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतं एक आणि कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) वाचतो दुसरंच, ट्रोजन सोर्स असं नाव त्यांनी त्याला दिलं. तेव्हापासून बरीच टूल्स न दिसणाऱ्या चिन्हांवर इशारा देतात, ते हवंच. पण काही जण घाईत सगळीच न दिसणारी चिन्हं एका यादीत टाकतात, झेडडब्ल्यूजेसकट, आणि मग मराठीच्या दर चौथ्या ओळीवर पिवळा त्रिकोण. इतके इशारे आले की माणूस ते बघणंच सोडतो आणि खरा धोका त्यातून निसटतो. पॅचमध्ये अशी यादी असेल तर दिशा बदलणारी चिन्हं वेगळी ठेवा आणि झेडडब्ल्यूजे देवनागरी हलन्तानंतर आलं तर इशारा देऊ नका, असं स्पष्ट लिहा. हे त्या टीमला तुमच्याशिवाय कोणी सांगणार नाही.

जाता जाता, फाइलचं नाव ‘अहवाल’ असेल आणि टूलमध्ये \३४०\२४४\२०५ असं काहीतरी सुरू होत असेल तर ते गिटचं डिफॉल्ट आहे, अ च्या तीन बाइटचे आकडे आहेत ते. तुमच्या मशीनवर कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की नाव नीट दिसतं. टूल लिहिणाऱ्याने मात्र यावर अवलंबून राहू नये, गिटकडून नावं घेताना झेडचा पर्याय वापरावा, त्यात नावं जशीच्या तशी येतात.

प्रश्न: मी बेंगळुरूत आहे. आमचं डिफ टूल ज्यांनी आठ वर्षांपूर्वी लिहिलं तेच सर आता त्यात बदल करतायत आणि रिव्ह्यू माझ्याकडे. मला शेवटची ओळ गायब होताना दिसतेय पण सांगायचं कसं? त्यांना वाईट वाटेल.

उत्तर: फाइलला बोलू द्या. ‘तुमचा कोड चुकलाय’ असं लिहायची गरजच नाही, असं लिहा: ‘सर, सोबतच्या दोन फाइल्स दिल्या तर जुन्या ब्रांचवर (कोडच्या जुन्या प्रतीवर) शेवटची ओळ हिरवी दिसते, नव्या ब्रांचवर दिसत नाही. शेवटी एंटर नसलेल्या फाइलला होतंय. हे मुद्दाम केलंय का?’ दोन्ही फाइल्स जितक्या लहान करता येतील तितक्या करा, तीन-चार ओळींच्या, म्हणजे ते एका नजरेत बघतील.

आठ वर्षं एखादं टूल सांभाळलेल्या माणसाला त्याचं टूल कोणीतरी एवढं मन लावून चालवून बघितलं याचं बरंच वाटतं, असा माझा तरी अनुभव आहे. शेवटी एंटर नसलेली ओळ ही या टूल्सची जुनी दुखरी जागा आहे, साधं डिफ त्यासाठी खाली वेगळी ओळ लिहून सांगतं की इथे शेवटी एंटर नाही. बहुतेक त्यांना लगेच लक्षात येईल. त्या दोन फाइल्स टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकणारं कमिट तुम्हीच करा, त्यांच्याच ब्रांचवर, आधी विचारून.